राज्यपक्ष्याचा मुक्काम

पुणेकराला इतिहास विचारावा. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० सालची आणि वास्तुशांत १७३२ ची, हे तो चहा निवायच्या आत सांगेल आणि चहाचे पैसे तुम्हालाच द्यायला लावील. पण त्याला महाराष्ट्राचं राज्यफूल विचारून पाहा.

"ताम्हण."

"ते आहे की देवघरात. घासायला काढलंय."

वास्तविक ताम्हण नावाचं झाड महाराष्ट्र दिनाच्या सुमारास, भर उन्हात, जांभळ्या चुणीदार फुलांनी भरून जातं. तेव्हा पुणेकर त्याच्या सावलीत स्कूटर लावतो. वर बघत नाही. वर बघितलं तर स्कूटर चोरीला जाईल, अशी त्याला भीती.

राज्यप्राणी शेकरू. ही मोठी खार पार भीमाशंकरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात राहते. एकेक शेकरू चार-पाच घरटी बांधून ठेवतं आणि एकही भाड्यानं देत नाही. इतका पुणेरी प्राणी असूनही आपण त्याला ओळखत नाही! जमिनीवर ते क्वचितच उतरतं. वीस-वीस फुटांच्या उड्या मारत फांद्याफांद्यांवरूनच त्याचा सारा व्यवहार चालतो. मधली झाडं तोडली की रस्ताच खुंटतो बिचाऱ्याचा.

महाराष्ट्रानं २०१५ साली राज्यफुलपाखरूही ठरवलं. देशात पहिला नंबर आपला! ब्लू मॉर्मन त्याचं नाव; काळे मखमली पंख, त्यावर निळी झाक. आमच्या सोसायटीतल्या काकूंनी हे वाचून अभिमानानं कात्रण फ्रिजवर चिकटवलं आणि गॅलरीतल्या लिंबाच्या पानांवरच्या अळ्या चिमट्यानं वेचायला गेल्या. हे फुलपाखरू लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं, असं मी सांगितलं. "मग घालू दे ना," काकू म्हणाल्या, "पण अळी कशाला व्हायचं?"

राहिला राज्यपक्षी, हरियाल. हिरवा-पिवळा, पिवळ्या पायांचा, कबुतराच्या जातीतला. वड-पिंपळ-उंबराच्या फळांवर जगतो आणि पानांत असा मिसळून बसतो की दुर्बीण लावूनही दिसायचा नाही. आमच्या दारातल्या उंबरावर त्याचा थवा उतरतो. त्याच उंबराची फळं खालच्या गाड्यांवर पडतात, म्हणून सभा भरली. विषय क्रमांक चार : झाड काढणे.

मी उठून राज्यपक्ष्याची बाजू मांडली. काकूंनी कात्रण आणलं होतं. पण ते फुलपाखराचं निघालं. तेवढ्यात एक गृहस्थ उठले. "पक्षी राज्याचा असेल," ते म्हणाले, "पण गाडी माझी आहे." टाळ्या पडल्या.

ताम्हण, आंबा, शेकरू, हरियाल, फुलपाखरू. एकेकाचा हिशेब मांडला तर सारं बिऱ्हाड झाडावरच आहे. राज्याचा सगळा मान फांद्यांवर टांगलेला, आणि खाली आपण करवत घेऊन सभा भरवतो.

सुदैवानं १९७५ च्या कायद्यानुसार शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. परवानगीला अर्ज लागतो. अर्जावर सही अध्यक्षांची असावी की चिटणीसांची, यावर आमच्यात दोन तट पडले. दोन्ही बाजूंनी नियमांची पुस्तकं निघाली. प्रकरण अजून मिटलेलं नाही आणि माझ्या हयातीत मिटेल असं दिसत नाही.

उंबर उभा आहे. सकाळी वरून अर्धवट खाल्लेलं फळ टपकन् बोनेटवर पडलं की समजायचं, राज्यपक्षी मुक्कामाला आहेत.