वादळाच्या मागून

सलालाह बंदर, ओमान
8 जून 2023

ती. अण्णांना साष्टांग नमस्कार.

आज मृग लागला. तुमचे डोळे आभाळाकडे असतील, माझे नकाशावर आहेत. बिपरजॉय नावाचं वादळ परवा आग्नेय अरबी समुद्रात उठलं आणि आता उत्तरेला सरकतंय. न्हावा-शेवाची आमची सरळ वाट नेमकी त्याला आडवी जाते. आईला सांगा, त्या वाटेने आम्ही जाणार नाही.

मार्ग आखायचं काम सेकंड ऑफिसर म्हणून माझं, शेवटचा शब्द कप्तानांचा. वादळ पुढे कुठे वळेल यावर अंदाजांचं एकमत नाही. कुणी ओमान म्हणतं, कुणी कच्छ-कराची. म्हणून अंदाजातली चूक आधीच हिशेबात धरायची: 24 तासांच्या अंदाजाला 100 सागरी मैल, 48 तासांच्या 200, 72 तासांच्या 300. त्यात 34 नॉटचा, म्हणजे ताशी 63 किलोमीटरचा वारा केंद्रापासून जिथवर पोचतो ते अंतर मिळवायचं. एवढ्या वर्तुळात जहाज न्यायचं नाही. पहिल्या सरीला भुलून तुम्ही तिफण काढत नाही, वीतभर ओल जायची वाट बघता, तसंच हे.

अरबी समुद्र
10 जून

दक्षिणेला उतरलोय, वेग कमी केलाय. नव्या खलाशाने विचारलं, जोरात जाऊन वादळाच्या पुढून का नाही निघालो? आपल्या गोलार्धात वादळातला वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ जिकडे चाललंय तिकडे तोंड केलं, तर उजव्या हाताची बाजू घातक. तिथे वादळाची स्वतःची चालही वाऱ्यात मिळते, आणि तो वारा जहाजाला वादळाच्याच वाटेवर ढकलतो. या वादळाची ती बाजू आपल्या किनाऱ्याकडे आहे. पुढून जाताना इंजिन बंद पडलं असतं, तर तिथेच सापडलो असतो. ते उत्तरेला सरकू दे, मग आम्ही मागून पूर्वेला जाऊ.

उपग्रहावरून हवामान खात्याची पत्रकं येतात, तरी दर पाळीला बॅरोमीटर बघतोच. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की केंद्र उजव्या हाताला, जरासं मागे असतं. सगळी यंत्रं बंद पडली तरी एवढं कळतं.

तेल जास्त जळेल, बंदरात उशीर होईल. तो सोसलाच पाहिजे. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ पी-305 ही कामगारांच्या राहण्याची बार्ज बुडाली. तिला स्वतःचं इंजिन नव्हतं. नांगर तुटले आणि ती वाहत गेली. सत्तरच्या आसपास माणसं गेली. त्यांतली कितीतरी आपल्यासारख्या घरांतली, पोटासाठी तिथे राहिलेली. अशा ठिकाणी निघायचा निर्णय वारा सुटायच्या आधीच व्हायला हवा, कारण नंतर ओढून न्यायला टगही जवळ येऊ शकत नाही.

न्हावा-शेवा
14 जून

सुखरूप पोचलो. मागून येतानाही लाटा उंच होत्या, दोन रात्री कुणाला धड झोप नाही. पण कंटेनर जखडणारं लॅशिंग टिकलं, एकही कंटेनर हलला नाही. वादळ उद्या कच्छमध्ये जखाऊजवळ किनाऱ्याला लागेल असं दिसतंय.

अण्णा, पाऊस 11 तारखेला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडलाय. वादळाने ओलावा स्वतःकडे ओढून नेलाय. आपल्या मुरूम गावावर ढग दिसले तरी एवढ्यात पेरू नका. सोयाबीनचं बियाणं पोत्यातच राहू द्या. पुढचे अंदाज मी ताईच्या फोनवर रोज कळवतो.

आपला मुलगा