सराफ्यात ‘फिरदौस’

इंदूरला गेलात तर राजवाड्याजवळच्या सराफ्यात रात्री जाच. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री तिथेच भुट्ट्याचा कीस, गराडू आणि ताटलीएवढा जलेबा. मी तिथे हिंडलो ते मुंबईच्या ‘कोशिश’ बँडचा ‘फिरदौस’ (२०१३) ऐकत. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या या हिंदी अल्बमची गाणी एका कथेत गुंफलेली; एखादंच ऐकून भागत नाही. “पूर्ण अल्बम ऐकायला वेळ कुणाला आहे?” असं मित्र विचारतात. पण उस्ताद अमीर खाँ याच शहरात वाढले. चौदा मात्रांच्या झुमऱ्यात ते अतिविलंबित ख्याल सावकाश उलगडत आणि लोक शांतपणे ऐकत. गिटार असो की तानपुरा, अशा गाण्याला वेळ द्यावाच लागतो. घाई करायचीच तर गरम जलेब्याची करावी.