बागच्या पांडवगुंफेत

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही बागची लेणी पाहावयाची राहून गेली, अशी कितीतरी मराठी कुटुंबे आमच्या परिचयात आहेत. गेल्या मार्गशीर्षापर्यंत आम्हीही त्यांतलेच होतो. सकाळी इंदूर सोडले, पवारांचे धार मागे टाकले आणि विंध्याच्या दक्षिण उतारावरील झाडीत शिरलो. बरोबर पुण्याहून आलेला भाचा होता. त्याला मुद्दाम आणण्यास कारणही तसेच घडले होते. आदल्या रात्री त्याने आमच्यापाशी दोन लाख रुपये मागितले होते. "मामा, फक्त एकदाच द्या. गेलेले परत आणतो, मग त्या वाटेला जाणार नाही."

गेले कसे, हे त्याने प्रांजळपणे सांगितले होते. सन 2003 मध्ये अमेरिकेतील ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस संगणकावरील पोकर खेळून जागतिक स्पर्धेत शिरला आणि 25 लाख डॉलर जिंकून बाहेर पडला. तेव्हापासून पत्त्यांच्या या खेळाचे वेड घरोघरी पसरले. टाळेबंदीच्या काळात ते आमच्या भाच्याच्या मोबाइलवर येऊन पोहोचले. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, तेव्हा तो शेअरबाजारातील ऑप्शन्सकडे वळला. "दोन्हींची विद्या एकच," असे तो म्हणतो. शक्याशक्यतेचे गणित मांडावे, भांडवलाचा थोडाच भाग एका डावावर लावावा, पाने कमकुवत असतील तर निमूट डाव सोडावा.

त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मुंबईचा मटकासुद्धा मुळात न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या व मिटत्या भावांच्या आकड्यांवर लागत असे. कापूस पिकवणारा किंवा गिरणी चालवणारा भावाच्या चढउतारापासून बचाव म्हणून वायदा करतो, ती गोष्ट निराळी. ज्याच्या घरी कापूस नाही आणि गिरणीही नाही, त्याचा वायदा मात्र पटावरच्या सोंगटीशीच नाते सांगतो.

बाघिनी नदीच्या काठी, डोंगराच्या मऊ वालुकाश्मात ही बौद्ध लेणी कोरलेली आहेत. मूळची नऊ, त्यांतील काही ढासळली आहेत. खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने जे येथे केले, ते कोणत्याही शत्रूने केले नसेल. चौथ्या लेण्याला रंगमहाल म्हणतात. 1921 मध्ये नंदलाल बोस आणि त्यांचे सहकारी येथील भित्तिचित्रांच्या नकला करावयास आले होते. त्या काळी बाग ग्वाल्हेर संस्थानात होते आणि लेण्यांच्या जतनाचे काम संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी पाहिले, हे आपल्या मराठी वाचकांना ऐकून बरे वाटेल. पुढे 1982 मध्ये बरीचशी चित्रे जतनासाठी भिंतींवरून काढण्यात आली. रंगांच्या आशेने येणाऱ्याने मनाची एवढी तयारी ठेवावी. बरोबर विजेरी आणि पिण्याचे पाणीही ठेवावे.

दुसऱ्या लेण्याला लोक पांडवगुंफा म्हणतात. आतल्या बुद्धमूर्ती आणि त्यांच्या परिचरांनाच ते पांडव समजत आले. इतिहासाला हे मान्य नाही. पण त्या गार अंधारात पांडवांचे नाव निघाले आणि द्यूत आठवल्यावाचून राहिले नाही.

आम्ही भाच्याला विचारले, "धर्मराजाचे राज्य कोणत्या डावात गेले?"

"शकुनीने फसवले त्या."

"नव्हे. त्या डावातले सर्व धृतराष्ट्राने परत दिले होते. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले होते. पुन्हा बोलावणे आले आणि धर्मराज पुन्हा पटावर बसला. वनवास घडला तो त्या अनुद्यूताने."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण नळराजाने खेळूनच राज्य परत मिळवले ना?"

प्रश्न चांगला होता. ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजून दाखवली आणि नळाला अक्षविद्या दिली. गणिताची बाजू तेथे आहेच. पण विद्या येताच कली नळाच्या अंगातून निघून गेला, आणि त्यानंतर तो पटावर बसला. धर्मराजानेही वनात तीच विद्या बृहदश्व ऋषींपासून घेतली. तिच्या जोरावर त्याने राज्य मागितले नाही. विराटाच्या पदरी कंक होऊन तो केवळ राजाचा खेळगडी राहिला.

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी आम्ही त्याला सांगितली. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर 100 व्यक्तींमागे 93 जण तोट्यात गेले. खर्च धरून सरासरी तोटा सुमारे दोन लाखांचा. त्याहून बोलका आकडा पुढेच आहे : लागोपाठ दोन वर्षे तोटा सोसलेल्यांपैकी 75 टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा खेळतच राहिले. पोकरमध्ये प्रत्येक डावातून मालक आपला वाटा काढतो. येथे दलाली आणि कर तेच करतात. एकाची जीत दुसऱ्याच्या हारीतून यायची, आणि हा वाटा तेवढ्यातूनच जायचा. आपण त्या हरणाऱ्यांतले आहोत, असे मात्र कोणालाच वाटत नाही.

याच लेण्यात 1929 मध्ये माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा ताम्रपट सापडला. विहारातील पूजेसाठी, भिक्षूंच्या अन्नवस्त्रऔषधासाठी आणि मोडलेल्या भागाच्या दुरुस्तीसाठी त्याने एक गाव लावून दिले होते. मोडणार, हे गृहीत धरूनच केलेली ती तरतूद आहे.

आम्ही म्हणालो, "परत जिंकावयास एक रुपयाही मिळणार नाही. कर्ज असेल तर देणेकऱ्याचे नाव सांग. आपण मिळून फेडू."

खाली गावात बाग छापाचे काम पाहिले. धावडीच्या फुलांबरोबर उकळून रंग चढवलेले तांबडे-काळे कापड वाळत पडले होते. भाचा त्याकडे पाहत होता, की दुसरेच काही, हे कळले नाही. धारेस चहाला थांबलो तेव्हा त्याने आमच्याकडून कागद मागितला आणि देणेकऱ्यांची नावे लिहिली. बेरीज दोन लाख नव्हती, पावणेचार लाख होती. आम्ही कागद घडी करून खिशात ठेवला आणि चहा दुसऱ्यांदा मागवला.