नाताळानंतरचे दिवस

नाताळ २५ डिसेंबरला संपतो, असा पुष्कळांचा समज आहे. वसईच्या आमच्या ख्रिस्ती घरांत मात्र तो त्या दिवशीं सुरू होतो. नवल हें कीं, मध्यरात्रीच्या मिस्सेचा घोष कानांत असतांनाच ख्रिस्तसभेचें पंचांग गंभीर होतें. २६ ला दगडांनीं ठेचून मारलेल्या संत स्तेफनाचें स्मरण, २८ ला हेरोदानें वधिलेल्या निष्पाप बालकांचें! पाळण्याशेजारीं ही तिरडी कशासाठीं, हें कोडें आम्हांस लहानपणीं उलगडत नसे.

तें उलगडलें वडील निवर्तले त्या सालीं. आईनें गोठा मांडला खरा, पण घरांत कोणी मोठ्यानें बोलेना. तीन राजे नेहमींप्रमाणें खिडकींत उभे राहिले. त्यांनीं रोज थोडें सरकावें आणि ६ जानेवारीस बाळ येशूपाशीं पोहोंचावें, हा वडिलांनीं घालून दिलेला शिरस्ता. २८ तारखेस पाहातों, तों एक राजा बेपत्ता! शोधाशोध करितां तो करंज्यांच्या डब्यांत सांपडला. आमचा धाकटा म्हणाला, "आजी, एवढ्या लांबून येतात, त्यांना भूक नाहीं का लागत?"

वडिलांच्या मागें आई प्रथमच हंसली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुझे आजोबाही त्या डब्यापाशींच सांपडायचे."

पंचांगानें दुःखास सणाबाहेर उभें ठेविलें नाहीं, पाळण्याजवळच बसविलें, तें कां, हें तेव्हां आम्हांस उमगलें. तेव्हांपासून आमच्या घरीं राजांची वाट करंज्यांच्या डब्यावरूनच जाते.