पाव मैलाचा हिशेब

माझ्या टेबलाच्या खणात मुदत ठेवींच्या पावत्यांजवळ एक पातळ कागदाची चिठ्ठी जपून ठेवलेली आहे. ती कोणत्याही बँकेची नाही. तिच्यावर सात-आठ आकडे छापलेले असून शाई आता फिकट होत चालली आहे. छत्तीस वर्षांच्या बँकसेवेत, त्यातही बहुतेक काळ कर्ज विभागात घालविल्यामुळे, आकड्यांचे कागद मी असंख्य पाहिले. परंतु या एका कागदाने मला जे शिकविले ते कोणत्याही ताळेबंदाने शिकविले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात नोकरी करतो. 2014 साली त्याने टर्बो इंजिनाची, चारही चाकांना शक्ती पुरविणारी एक जपानी मोटार घेतली. येथवर आमची तक्रार नव्हती. पुढे समजले की, तिचा वेग वाढविण्यासाठी तो तिच्यात फेरबदल करीत आहे आणि पगाराचा बराच भाग त्यात जातो आहे. मग एके दिवशी सूनबाईंच्या बोलण्यातून निसटले की, ताशी 65 मैलांची मर्यादा असलेल्या महामार्गावर 94 मैलांच्या वेगाने जाताना पोलिसांनी त्याला पकडले व दंड केला.

माझा धाकटा भाऊ 1983 साली सांगलीहून मिरजेला जाताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. तो तेवीस वर्षांचा होता. तेव्हापासून आमच्या घरात ‘वेग’ हा शब्द कोणी कौतुकाने उच्चारला नाही. मुलाशी मी चार महिने बोललो नाही. दर रविवारी त्याचा फोन येई, तो सौ. घेई आणि मी वर्तमानपत्रात डोके घालून बसे.

2016 च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो. एका दुपारी तो म्हणाला, “अण्णा, एकदा माझ्याबरोबर या. आधी पाहा, मग काय बोलायचे ते बोला.” सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून सौ.ने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ती स्वतः मात्र आली नाही.

आम्ही गेलो ते इंग्लिशटाऊनच्या ‘रेसवे पार्क’ला. 1965 साली सुरू झालेली ही ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे वळण नसलेली सरळ पट्टी. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात आणि पाव मैल, म्हणजे 1320 फूट, धावतात. आपल्या मापाने हे अंतर सुमारे 402 मीटर होते. पुढे वेग आवरण्यासाठी लांब मोकळी जागा असते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती लावीत. त्यांना तेथून उचलून नियमांखाली, बंदिस्त जागेत आणावे, या हेतूने वॉली पार्क्स यांनी 1951 साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. हे ऐकून मला नवल वाटले. मी घरात वेगावर बंदी घातली होती; या मंडळींनी त्याला जागा आणि नियम दिले होते.

नियमही थोडेथोडके नाहीत. पाव मैल 13.99 सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात तोडणाऱ्याने शिरस्त्राण घातलेच पाहिजे. गाडी आणखी वेगवान झाली की आतून पोलादी दांड्यांचा आधार बसवावा लागतो. जोखीम वाढली की तारण वाढवावे, हा आमच्या कर्ज विभागाचाच नियम! तरीही येथे धोका नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. याच पट्टीवर 2008 च्या जूनमध्ये स्कॉट कलिटा हे नामवंत चालक मरण पावले आणि त्यानंतर सर्वांत वेगवान वर्गांचे अंतर 1320 फुटांवरून 1000 फुटांवर आणण्यात आले. हेही मुलानेच मला सांगितले; लपविले नाही.

त्याची पाळी आली. आरंभरेषेपाशी उभ्या खांबावर दिवे असतात. तीन पिवळे दिवे एकामागून एक लागतात, मग हिरवा. त्याआधी गाडी सुटली तर लाल दिवा लागतो. मी कठड्याला धरून उभा होतो. इंजिनाचा आवाज चढला, हिरवा दिवा लागला आणि गाडी समोरून नाहीशी झाली. तेरा सेकंदही लागले नसतील; मला मात्र ती संध्याकाळची सर्वांत दीर्घ वेळ वाटली.

परतताना एका खिडकीतून त्याला छापील चिठ्ठी मिळाली. तिच्यावर पहिल्या 60 फुटांचा वेळ, मग 330, 660 व 1000 फुटांचे वेळ, शेवटी एकूण वेळ आणि अखेरच्या 66 फुटांत मोजलेला वेग होता. दिवा लागल्यावर चालकाने किती उशीर केला तेही वेगळे नोंदलेले होते. तो उशीर एकूण वेळेत मिळविला जात नाही. घड्याळ गाडी हलल्यावरच सुरू होते. प्रत्येक रक्कम आपापल्या खात्यात!

त्या संध्याकाळी तो तीनदा धावला. वेळ आले 12.94, 12.71 आणि 12.58 सेकंद. शेवटचा वेग मात्र तिन्ही वेळा ताशी 109 मैलांच्या आसपासच राहिला. मी कारण विचारले. तो म्हणाला, “अण्णा, शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो आणि वेळ चालकाचे कसब सांगतो. ताकद तिन्ही वेळा तीच होती. पहिल्यांदा मी सुटताना चाके घसरू दिली.” खरोखरच पहिल्या 60 फुटांचा वेळ 2.00 वरून 1.79 सेकंदांवर आला होता. आरंभी वाचविलेल्या त्या थोड्या वेळाचे शेवटी दीडपटीहून अधिक फळ मिळाले होते. चक्रवाढीचा अर्थ मी कित्येक खातेदारांना समजावून दिला आहे. तो असा धावताना प्रथमच पाहिला.

टर्बो म्हणजे काय, हेही त्याने गाडी थंड होईपर्यंत समजावून सांगितले. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी वाया जातो. तोच धूर एका लहान चक्राला फिरवितो. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे! त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक. या कल्पनेचे पेटंट अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 सालीच घेतले होते. मला माझ्या वडिलांची सांगलीची पेढी आठवली. हळद पॉलिश करताना उरणारी भुकटीसुद्धा दादा वाया जाऊ देत नसत.

परंतु हवा दाबली की तापते. सायकलचा पंप हाताला गरम लागतो ना, तसेच. म्हणून ती मध्ये इंटरकूलरमधून थंड करावी लागते. म्हणूनच दिवस मावळल्यावर गाड्या अधिक चांगल्या धावतात. दाब प्रमाणाबाहेर वाढविला तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. त्याला ‘नॉक’ म्हणतात. काही क्षणांत पिस्टन फुटू शकतो. उसन्या भांडवलावर धंदा वाढविणाऱ्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. कर्ज वाईट नसते. पेलण्याच्या पलीकडचे कर्ज वाईट.

आणखी एक गणित मला पटले. वजन तेच ठेवून शक्ती दुप्पट केली, तरी पट्टीच्या शेवटचा वेग दुप्पट होत नाही. तो शक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे 26 टक्केच वाढतो. मूळ गाडीचा वेग 101 मैल व वेळ 13.6 सेकंद होता. तेथून 109 मैलांवर येण्यास सुमारे पाव हिस्सा शक्ती वाढवावी लागली. खर्च वाढत जातो, लाभ घटत जातो.

हे आकडे मला त्याच्या वहीतून कळले. ती त्याने गाडीतून काढून माझ्या हाती दिली. प्रत्येक धावेची तारीख, हवेचे तापमान, टायरमधील हवा, टर्बोचा दाब, आलेला वेळ, झालेला खर्च. दादांच्या रोजकीर्दीसारखी नीटनेटकी वही. सर्व मजकूर इंग्रजी होता, एक पान वगळता. त्या पानावर पिस्टन फुटल्याची व इंजिन उघडल्याची नोंद होती. इंधनाचे प्रमाण न तपासता त्याने स्वतःच दाब वाढविला होता. त्याखाली पोलिसांच्या दंडाची रक्कम होती. दोन्ही नोंदींपुढे मराठीत दोनच शब्द होते: ‘चूक माझी’.

“अण्णा,” तो हळूच म्हणाला, “काकांचे नाव घरात कोणी घेत नाही, पण मला ठाऊक आहे. त्या रात्रीनंतर मी रस्त्यावर मर्यादा ओलांडलेली नाही. जो काही जोर लावायचा, तो येथेच.”

कर्ज अधिकारी म्हणून मी शब्दांवर कधी विश्वास ठेवला नाही; कागद पाहिले. कागद माझ्या हातात होता. मी एवढेच म्हणालो, “हे आईला तू स्वतः सांग.” त्याने त्याच रात्री सांगितले. ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी तिने त्याला शिरस्त्राण नीट बसते का, हे घालून दाखवायला लावले.

आपल्याकडेही व्यापारी घरांतील मुले टर्बो गाड्यांचे ‘रिमॅप’ करून घेतात. वडीलधाऱ्यांनी नुसते रागावून भागत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतील फेरबदलांविषयी काय म्हणते, विमा कंपनीला कळविले आहे काय, ब्रेक व टायर त्या शक्तीस पुरेसे आहेत काय, हे प्रश्न शेजारी बसून विचारावेत. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या स्पर्धा भरल्या आहेत. हौस असेल तर तिला अशी जागा आहे. पुणे-बंगळूर महामार्ग ही ती जागा नव्हे.

2018 च्या जानेवारीत रेसवे पार्कने ड्रॅग शर्यती कायमच्या बंद केल्या. त्या रविवारी फोन मी घेतला. मुलगा बराच वेळ त्या पट्टीविषयी बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो. पुढल्या वर्षी नात झाली. त्याने फेरबदल काढून गाडी विकली. काही दिवसांनी पाकिटातून ही 12.58 सेकंदांची चिठ्ठी आली. मागे लिहिले होते, ‘अण्णा, खाते बंद केले. बाकी शिल्लक नाही.’

ज्या खणात मी ती ठेवली आहे, त्याच खणात माझ्या भावाचा फोटो आहे. पूर्वी तो पालथा असे. आता सुलटा ठेवला आहे.