वाटखर्ची

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो गृहस्थ अर्थशास्त्राचा पदवीधर खास नसावा. परंतु त्या शास्त्रातले एक मोठे प्रकरण त्याने एका वाक्यात उरकले आहे, ह्यात संशय नाही. ह्या म्हणीत सारा दोष मसाल्याच्या माथी येतो, आणि तो आणणाऱ्याच्या उधळेपणाला लोक हसतात. कोंबडीच मुळात चार आण्यांची का, असे मात्र कोणी विचारीत नाही. अलीकडे ही म्हण निराळ्या वेषात माझ्यापुढे येऊन उभी राहिली, आणि तेव्हापासून तिच्यातला हा न विचारलेला प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही.

हल्ली शहरांतून एक विलक्षण उद्योग चालतो. मोठ्या दुकानांचे, उपाहारगृहांचे आणि पेट्रोल पंपांचे चालक आपल्या नोकरांची वागणूक कशी आहे हे पाहण्यासाठी साध्या गिऱ्हाइकाच्या रूपात माणसे धाडतात. इंग्रजीत ह्याला मिस्टरी शॉपिंग म्हणतात; आपण गुप्त गिऱ्हाइकी म्हणू. ह्या गिऱ्हाइकाने दुकानात शिरावे, एखादी किरकोळ वस्तू घ्यावी, आणि घरी येऊन सविस्तर अहवाल लिहावा. दारातून आत आल्यावर किती वेळाने विचारपूस झाली? विक्रेता हसला काय? त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती काय? एक वस्तू घेतल्यावर दुसरीही घ्या, असा आग्रह त्याने केला काय? अमेरिकेत ह्या धंद्याचा उगम दुकानातल्या आणि पेढीवरच्या नोकरांच्या हातचलाखीवर नजर ठेवणाऱ्या खाजगी हेरांत झाला; पुढे चोरी पकडण्याचे काम मागे पडून हास्य मोजण्याचे काम पुढे आले. कल्पना तशी जुनीच आहे. बगदादचा खलिफा हारून अल् रशीद रात्री वेषांतर करून बाजारात हिंडत असे, अशा गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या आहेत. फरक इतकाच, की राजवाड्यापासून बाजारापर्यंतचे रिक्षाभाडे खलिफाला खिशातून मोजावे लागत नव्हते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला ते मोजावे लागते. तिचे वडील भिवंडीतल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेबनीस आहेत. मुलगी पदवीधर झाली आहे आणि बँकेच्या परीक्षेची तयारी करीत आहे. मधल्या काळात हाताला काही काम असावे म्हणून तिने ही गुप्त गिऱ्हाइकी पत्करली. आईला ह्याचे कौतुक. मुलगी घराबाहेर पडते, चार परक्या माणसांशी धिटाईने बोलते, इंग्रजीत अहवाल लिहिते. वडिलांचा प्रश्न मात्र त्यांच्या पेशाला शोभेसा होता: “भाडे वजा जाता उरते काय?” घरात ह्यावर दोन तट पडले, आणि निवाड्यासाठी प्रकरण माझ्याकडे आले.

“सर, तुम्हीच सांगा, परवडते की नाही?” तिने विचारले. आम्ही कागद घेऊन बसलो. ठाण्याच्या एका दुकानाला भेट देण्याचे 300 रुपये. घरापासून एस. टी. स्थानकापर्यंत रिक्षा, तेथून ठाण्यापर्यंत बस, तेथून दुकानापर्यंत पुन्हा रिक्षा, आणि तसेच परत, एकूण 170. चहा आणि काहीतरी खाणे ह्यांचे 40. शिल्लक 90. आता वेळ: जाण्यायेण्याचे साडेतीन तास, दुकानात चाळीस मिनिटे, अहवालाला एक तास वीस मिनिटे, एकूण साडेपाच तास. म्हणजे तासाला सोळा रुपये आणि वर काही पैसे! तिच्याच आळीत एका तासाच्या शिकवणीचे तिला महिन्याला 1,200 रुपये मिळतात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर तासाला 46 रुपये पडतात, आणि तेथे जाण्यास चपलासुद्धा फारशा झिजत नाहीत. शिवाय दुकानात घेतलेल्या वस्तूची किंमत प्रथम पदरची भरायची, ती परत यायला दीड महिना. आणि अहवाल नापसंत झाला तर मेहनतानाही बुडाला व वस्तूही गळ्यात पडली. एवढे बरे, की काम देण्यापूर्वी नोंदणीचे पैसे मागणाऱ्यांच्या वाटेला ती गेलेली नाही. जो आधी पैसे मागतो तो काम देणारा नव्हे, गिऱ्हाईक शोधणारा असतो, हे तिला मी सांगण्याची गरज पडली नाही.

गणित इतके स्वच्छ असताना निवाडा सोपा वाटावा. परंतु तो कागद पाहता पाहता माझे लक्ष मेहनतान्यावरून उठून त्या साडेतीन तासांवर जाऊन बसले. भिवंडी ते ठाणे हे अंतर पंधरा-सोळा किलोमीटरांचे. एवढ्याशा वाटेला दिवसाचा असा लचका का तोडावा लागतो?

ह्याला इतिहास आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोचला. भिवंडी त्या वाटेच्या बाजूला राहिली ती राहिलीच. पुढे वसई-दिवा मार्गावर भिवंडी रोड हे स्थानक झाले खरे, पण मुंबईला नेणारी लोकलची मुख्य वाट ठाणे-कल्याणचीच. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झाले. तिचे खांब उभारताना रस्ताच आधी अरुंद झाला, आणि आशा वाढत असता माणसाची बस मात्र ताटकळली.

आणि ही गोष्ट कोणत्या गावाची? ज्या गावाने माल हलविण्यात साऱ्या देशात नाव कमावले त्या गावाची. मुंबईच्या वेशीजवळ, पण तिच्या जकातीच्या हद्दीबाहेर, म्हणून येथे गुदामे उठली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, तरी गुदामे हलली नाहीत; उलट मानकोलीपासून पडघ्यापर्यंत ती पसरतच गेली. मुंबईतल्या एखाद्या गृहिणीने रात्री मागविलेली इस्त्री भिवंडीच्या गुदामातून निघून सकाळी तिच्या दारात हजर होते. त्या इस्त्रीचे भाडे कोणीतरी आधीच हिशेबात धरलेले असते. त्याच रस्त्याने जाणाऱ्या मुलीचे भाडे कोणीच धरलेले नसते. माल जितक्या सहज हलतो तितक्या सहज माणूस हलत नाही, आणि म्हणून जवळजवळच्या दोन गावांत मालाच्या भावापेक्षा मजुरीच्या दरात अधिक तफावत आढळते, हे अॅडम स्मिथने 1776 सालीच नोंदवून ठेवले आहे. भिवंडीच्या नाक्यावर तासभर उभे राहिले की त्या प्रकरणावर निराळे भाष्य वाचावे लागत नाही.

तथापि ह्या गावाचे धंदे जे शिकवितात तेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. मालमोटारीचा मालक गाडी भरून पाठवितो तेव्हा त्याची पहिली चिंता परतीच्या भरतीची असते. रिकामी गाडी फिरविणे म्हणजे पदरचे तेल जाळणे. यंत्रमागाचा धोटाही डावीकडून उजवीकडे जाताना एक धागा टाकतो आणि उजवीकडून डावीकडे येताना दुसरा. त्याची एकही फेरी रिती जात नाही. म्हणून मी तिला म्हटले, “तुझ्या गावाचा नियम तू पाळ. एका कामासाठी ठाण्याला जाऊ नकोस. तीन कामे एका दिवशी, एकाच भागात मिळाली तर जा.” आम्ही तोही हिशेब मांडला. 900 रुपयांतून 210 भाड्याचे आणि 60 खाण्याचे वजा जाता 630 उरतात. तीन अहवाल धरून दहा तास लागले तरी तासाला 63 रुपये पडतात. शिकवणी मागे पडली! दुसरा मार्ग ह्याहून सोपा: परीक्षेच्या अर्जासाठी, पुस्तकांसाठी वा नातेवाइकांकडे ठाण्याला जाणे ठरलेलेच असेल, तर वाटखर्च तिकडच्या खात्यावर पडला, मग वाटेत होणाऱ्या कामाचे 300 रुपये जवळजवळ पूर्ण 300. खर्च तोच, रस्ता तोच. केवळ कोणत्या कामाच्या नावे तो लिहावयाचा एवढ्यावर तोट्याचा नफा होतो. परंतु तीन कामे एकाच दिवशी जुळून येणे हा योग महिन्यातून एखादा. एरवी उत्तर नाही असेच.

परवडते की नाही, ह्याचे उत्तर हे झाले. परंतु न परवडणारे काम बाजारात टिकते कसे, हा प्रश्न राहतोच. ते टिकते, कारण पुष्कळांजवळ असा कागद मांडून बसण्याची सवड नसते, आणि सवड असली तरी दुसरे काम नसते. मेहनताना ठरविणारा माणूस दुकानाच्या दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजतो. दाराबाहेरची वाट त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

ह्या बाबतीत आपले पूर्वज अधिक चोख होते असे म्हणावे लागते. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांना 1905 मध्ये ज्याचे हस्तलिखित गवसले आणि 1909 मध्ये ज्यांनी ते छापून काढले, त्या कौटिलीय अर्थशास्त्रात नोकरांच्या वेतनाचे एक प्रकरण आहे. त्यात व्यापाऱ्याच्या वेषात वावरणाऱ्या हेराचे वेतन 1000 पण सांगितले आहे. गुप्त गिऱ्हाइकाचा हा थोरला भाऊच म्हणावयाचा. परंतु मला मौज वाटते ती दूताच्या वेतनाची. मध्यम प्रतीच्या दूताला योजनामागे 10 पण, आणि दहा योजनांपलीकडे, शंभर योजनांपर्यंत, त्याच्या दुप्पट. म्हणजे वाट जितकी लांब तितका दर चढा! दयेसाठी प्रसिद्ध नसलेल्या ह्या आचार्याला एवढे उमगले होते, की दुसऱ्याच्या कामासाठी तुडविलेली वाट हे कामच होय. आम्हा प्राध्यापकांनाही हे तत्त्व नीट ठाऊक आहे. दुसऱ्या गावी परीक्षक म्हणून गेलो तर प्रवासभत्त्याचा अर्ज आम्ही तिकिटासह भरतो. ज्याचे वेतन भक्कम त्याला वाटखर्ची वेगळी, आणि ज्याचा मेहनतानाच तुटपुंजा त्याची वाटखर्ची त्यातूनच, ही आमच्या काळाची रीत आहे.

निवाडा ऐकून ती उठली, आणि मग दारात थांबून तिने एक हकिकत सांगितली. ठाण्याच्या त्या दुकानात बिलावर घालण्यासाठी विक्रेत्याने पत्ता विचारला. भिवंडी म्हणताच तो म्हणाला, “ताई, मीही तिकडचाच, अंजूरफाट्याचा. आता निघालात तर बरे. सातनंतर बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही.” एवढे बोलून त्याने पिशवी हाती दिली. दुसरी वस्तू घेण्याचा आग्रह करावयाचे तो विसरला. घरी येऊन तिने अहवाल भरला. आग्रह केला काय? नाही. हसला काय? हो. बाकीचे रकाने तिने जसे घडले तसे भरले. आग्रहाच्या रकान्यात त्याचे गुण गेले. “सर, खोटे लिहिता येत नव्हते,” ती म्हणाली, “आणि त्याने बसचे सांगितले ते लिहायला जागाच नव्हती.”

ह्यावर मी तिला काय सांगणार? दिवसभर उभे राहून हसणारा तो आणि त्याचे हसू मोजावयास गेलेली ही, दोघेही एकाच रस्त्याने, बहुधा एकाच बसने येणारे. वाटखर्च दोघांच्याही पदरचा. एकाने दुसऱ्याची पारख करावी आणि त्या पारखीचे तासाला सोळा रुपये मिळावेत, अशी ही व्यवस्था. आणि त्या दोघांना जोडणारी जी एकच गोष्ट, ती वाट, हिच्यासाठी ना मेहनतान्यात जागा, ना अहवालात.

तिने आता एकेकटी कामे घेणे सोडले आहे. वडील संतुष्ट आहेत. आईची थोडी निराशा झाली, पण तीही शिकवणीच्या मुलांना खाऊ देण्यात रमली आहे. मी मात्र हल्ली दुकानात गेलो, आणि काउंटरपलीकडचा मुलगा हसावयाचे विसरला, तर त्याच्या छातीवरचे नाव वाचीत नाही. कोठून येतोस, असे विचारतो. उत्तर बहुतेक वेळा लांबच्या गावाचे असते. आणि ते सांगताना तो हसतो.