मुक्या तोंडाचे दुखणे

आपल्या वस्तीत मांजराला औषधपाणी करायची पद्धत नाही. मांजर घरात राहते, उंदीर धरते, आजारी पडले तर कोपरा धरून बसते आणि एक दिवस दिसेनासे होते. "गेलं कुठं तरी," म्हणून आपण विषय सोडतो. म्हणूनच मंचरच्या आमच्या घरी मनीचे दात काढल्यावर तिची निगा कशी राखली, ते भगिनींसाठी लिहीत आहे.

मनी नऊ वर्षांची. तिला सासूबाईंनी पिल्लू असल्यापासून वाढवले. गेल्या हिवाळ्यात ती सुकटाजवळ यायची, वास घ्यायची आणि परत फिरायची. मान वाकडी करून एका बाजूने चावायची, तरी घास खाली पडायचा. तोंडाला लाळ आणि घाण वास. अंग चाटणे सोडल्यामुळे केसांच्या गुठळ्या झाल्या. पण एकदाही ओरडली नाही. मांजर दुखणे लपवते. सासूबाईंनी मात्र ओळखले. "आगं, हिचं दात दुखत्यात. मला ठावं हाय."

सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्यांनी तोंड पाहून सांगितले, हिरड्या सुजल्या आहेत, काही दात मुळाशी गेले आहेत, पुण्याला नेऊन काढून घ्या. मांजराला ३० दात असतात आणि ते पुष्कळदा मुळाशीच झिजत जातात, वरून फारसे कळत नाही, हे मला तेव्हा समजले.

प्रश्न पैशाचा होता. शेजारणी हसल्या, "मांजरावर कुणी पैसं घालतं व्हय?" चुलत सासरे पूर्वी मुंबईला गिरणीत होते. ते म्हणाले, "परळला जनावरांचा मोठा दवाखाना हाय, बाई साकरबाईंच्या नावाचा. तिथं गरिबाचं जनावर बी बघत्यात." सासूबाई काही बोलल्या नाहीत. भिशीचे पैसे आणून माझ्या हातावर ठेवले. मालकांच्या ओळखीचा भाजीचा टेम्पो पुण्याला निघाला होता. टोमॅटोच्या क्रेटमध्ये गोणपाट घातले, वर दुसरा क्रेट उपडा बांधला आणि मनीला नेले. सहा दात काढावे लागले.

ऑपरेशन डॉक्टर करतात, पण त्यानंतरचे दिवस घरच्यांना काढावे लागतात.

पहिली रात्र भुलीची. जनावर झोकांड्या खाते, म्हणून माळ्यावर, ओट्यावर चढू देऊ नये. आम्ही जमिनीवरच खोक्यात गोधडी घातली, चूल आणि पाण्याच्या टाकीपासून लांब. भुलीत अंग गार पडते आणि आमच्याकडची थंडी तर कडाक्याची. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली. उघडी बाटली अंगाला लावू नये, गुंगीत चटका कळत नाही. पूर्ण शुद्धीवर आल्यावर थोडे पाणी, मग चमचाभर मऊ खाणे. लाळेत एक-दोन दिवस रक्ताची झाक दिसते. रक्त वाहतच राहिले तर मात्र डॉक्टरांना कळवावे.

खाणे हीच खरी परीक्षा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. म्हणून एक दिवस काहीच खाल्ले नाही, तरी डॉक्टरांना विचारावे. सासूबाई कोंबडीचे मांस बिनमिठाचे उकडून, हाडे काढून, पाट्यावर वाटून द्यायच्या. ते कोमट असावे. कोमट अन्नाचा वास उठतो आणि मांजर वासावर खाते. दूध पुष्कळ मोठ्या मांजरांना पचत नाही, हगवण लागते. आपल्या कालवणाचा रस्सा तर अजिबात नको. आपल्या भागात कांदा घरोघरी, पण कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आमच्याकडे दोन आठवडे सुकट, बोंबील, हाडे, सगळे बंद होते. टाके आपोआप विरघळणारे होते. तोंड उघडून बघत बसायचे नाही, असे पोरांना बजावले होते.

दुखण्याचे औषध डॉक्टरांनी वजनावर मोजून थेंबांत दिले होते. ते गालाच्या कडेने सोडायचे. आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरू शकते. त्याच्या शरीराला ते औषध पचवून बाहेर टाकता येत नाही.

रात्री तिला बाहेर सोडले नाही. आंबेगाव-जुन्नरला त्याचे कारण सांगायला नको. घराच्या मागे ऊस, आणि उसात बिबट्या. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्री पहिली आणि मांजरे दुसरी निघाली. अशक्त मांजर तर आयतेच सापडेल. त्या बिबट्याचेही दात दुखतातच. पिंजऱ्यात अडकला की तो गज चावतो आणि सुळे मोडून घेतो. जुन्नरजवळ माणिकडोहच्या निवारा केंद्रात वन विभाग पकडलेले, जखमी बिबटे ठेवतो. लहान असो की मोठे, सगळ्या मांजरकुळाचे पोट तोंडावर चालते.

पाचव्या दिवशी मनी अंग चाटू लागली. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी हिरड्या भरत आल्याचे सांगितले. आता ती उरलेल्या दातांनी मजेत खाते. सगळे दात काढलेली मांजरेही चांगली जगतात, असे डॉक्टर म्हणाले.

मनीचे वाटण करता करता सासूबाई एकदा म्हणाल्या, "माझं चार दात एका दिवशी काढलं व्हतं. दुसऱ्या दिशी खुरपायला गेले. तोंडात मिठाचं पानी आन् कामाला हात." त्या वेळी त्यांना मऊ भात कोणी करून घातला, असे मी विचारले. त्या हसल्या आणि पाट्यावर पाणी शिंपडून पुन्हा वाटू लागल्या. आजही त्या भाकरी दुधात कुस्करून खातात. "सवय हाय," म्हणतात.

मालकांनी ते ऐकले. या महिन्यात त्यांना कवळीचे माप द्यायला न्यायचे ठरले आहे. त्या नको म्हणतात, पण भिशीचा नंबर या वेळी माझा आहे.

बायांनो, मांजराला विचारता येत नाही, त्याच्या ताटलीकडे पाहावे लागते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र विचारता येते.